पत्त्याचे तोंड आणि पत्त्याची पाठ



पत्ते हा शब्द ऐकला की आपल्या घरातल्या बायकांच्या कपाळाला आठी पडते, आणि त्यात त्यांचे काहीच चुकत नाही. ज्या घरातला पगार संध्याकाळी आला आणि रात्री तीन पत्तीच्या अड्ड्यावर गेला, त्या घरातल्या बाईने पत्त्यांचे कौतुक कशासाठी करायचे? तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाच्या संपत्तीचा नाश करणारे सहा मार्ग सांगितले आहेत, त्यात जुगार आहेच. तरीही आज मी या पानावर पत्त्यांविषयीच लिहिणार आहे. शेवटपर्यंत वाचा, आणि मग रागवायचे असेल तर खुशाल रागवा.

गोष्ट माझ्या घरातलीच आहे. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत, न्यू जर्सीला असते. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यास करून शिकलेली ही पोर. तिचा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे, मला आबा म्हणतो. एका शनिवारी सकाळी सात वाजता तिचा फोन आला. आपल्याकडे शनिवारची सकाळ, तेव्हा तिकडे शुक्रवारची रात्र. मला वाटले, कोणी आजारी पडले की काय.

"मामा, हा बघा, जेवत नाही. दुकानातल्या स्पर्धेत याचा पत्ता खेळू दिला नाही."

"कसला पत्ता?"

"याने हाताने रंगवलेला. चवदार तळ्याचं चित्र काढलं होतं. पंचाने पाहिलं, हे काय म्हणून विचारलं, याने सांगितलं, आणि तो म्हणाला, चालणार नाही. कारणसुद्धा सांगितलं नाही. समोरच्या टेबलावरच्या मुलाचा रंगवलेला ड्रॅगन मात्र चालला!"

आता आधी हा खेळ काय आहे ते सांगतो. हा आपला बावन्न पत्त्यांचा खेळ नव्हे. 'मॅजिक: द गॅदरिंग' असे त्याचे नाव. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने तो बाजारात आणला. १९९४ पासून त्याच्या जागतिक स्पर्धाही सुरू झाल्या. पत्ता ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ मिलिमीटर उंच. वरच्या पट्टीत पत्त्याचे नाव, त्याखाली चित्र, चित्राखाली मजकूर. निरनिराळे पत्ते हजारो आहेत. त्यातून निवडून प्रत्येक खेळाडू स्वतःचा कॅट स्वतः जुळवतो. स्पर्धेच्या नेहमीच्या प्रकारात कॅटमध्ये निदान ६० पत्ते लागतात, आणि एकाच नावाचे चारापेक्षा जास्त चालत नाहीत. ही मर्यादा मूळ जमिनीच्या पत्त्यांना नाही. अशा मुख्य जमिनी पाच आहेत: मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि जंगल. जमिनीतून शक्ती मिळते, तिला 'माना' म्हणतात. ती शक्ती खर्चून बाकीचे पत्ते टाकायचे. बेटाचा पत्ता, म्हणजे 'आयलंड', निळी शक्ती देतो, आणि त्या शक्तीचे चिन्ह आहे पाण्याचा थेंब.

निळा रंग आणि पाण्याचा थेंब! आमच्या नातवाच्या मनात महाड का आले, ते तुम्हाला मी सांगायला नको.

ब्रश त्याच्या हातात मीच दिला, त्यामुळे या प्रकरणात मीही आरोपी आहे. उभा जन्म मी बोर्ड रंगवले. दुकानांच्या पाट्या, जयंतीचे फलक, भिंतीवरची बाबासाहेबांची चित्रे. पुढे फ्लेक्स आले आणि आम्हा पेंटर लोकांचे ब्रश डब्यात वाळले. दोन वर्षांपूर्वी मुलगा सुट्टीत इकडे आला होता. आषाढ पौर्णिमेला विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होणार होते, त्याचा फलक मी हाताने रंगवत होतो. तो शेजारी येऊन बसला. महिनाभरात पोराने हात असा वळवला की मी बघत राहिलो. परत जाताना त्याने माझ्या डब्यातला सर्वांत बारीक ब्रश मागून नेला. त्या ब्रशाने तो पुढे पत्ते रंगवेल हे मला काय माहीत!

छापील पत्त्यावर रंगकाम करणे ही त्या खेळातली जुनी हौस आहे. कोणी चित्रातले आकाश पत्त्याच्या कडेपर्यंत वाढवतो, कोणी चित्रातल्या माणसाला टोपी घालतो. ज्या चित्रकारांनी मूळ चित्रे काढली, तेही स्पर्धांच्या ठिकाणी बसून पत्त्यांवर सह्या देतात, कधी एखादे छोटे चित्रही काढून देतात. म्हणजे आमच्या मुलाने काही जगावेगळे केले नव्हते. मग त्याचाच पत्ता का नाकारला?

खरे सांगतो, माझेही डोके तापले. भाची म्हणाली, "मामा, हॉस्टेलला गेले तेव्हा मला पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं होतं आणि मग ताट वेगळं ठेवलं होतं. तुम्हाला आठवतं ना? तसंच हे. मी तक्रार लिहिणार आहे."

मला आठवत होते. अशा गोष्टी विसरता येत नाहीत. मी म्हटले, "लिहू. मजकूर मी सांगतो. पण आधी तो पत्ता मला दाखव."

मुलाने पत्ता फोनसमोर धरला. काय सांगू तुम्हाला! तळ्याच्या पायऱ्या, निळे पाणी, आणि पाण्याकडे झुकलेल्या ओंजळीच ओंजळी. एवढ्याशा जागेत त्याने ती गर्दी उभी केली होती. माझे डोळे भरून आले. पण डोळे पुसून पुन्हा पाहिले, आणि माझ्यातला पेंटर जागा झाला.

"बाळा, हा पत्ता कोणता?"

"आयलंड, आबा."

"तू सांगितलंस म्हणून कळलं. पत्त्यावर कुठे लिहिलंय?"

तो गप्प झाला. वरच्या पट्टीतले छापील नाव त्याने पायऱ्यांच्या रंगाखाली झाकून टाकले होते. खालचे मूळ चित्रही सगळे गेले होते. रंग इतका जाड होता की पत्ता किंचित वाकलेला मला फोनवरसुद्धा दिसत होता.

तेव्हा मी त्याला माझी एक फजिती सांगितली. धंद्याच्या सुरुवातीला मला एका केशकर्तनालयाचा बोर्ड मिळाला होता. मी तरुण, हातात कसब, डोक्यात हवा. बोर्डावर मी एका नटाचे असे चित्र काढले की रस्त्यावरचे लोक थांबून पाहू लागले. दुकानाचे नाव मात्र उरलेल्या कोपऱ्यात कसेबसे बसवले. मालक म्हणाला, "पेंटर, चित्र झकास आहे. पण माझ्या दुकानाचं नाव गिऱ्हाइकाने शोधायचं कुठे?" सगळा बोर्ड मला पदरच्या रंगाने पुन्हा रंगवावा लागला. मालकाने माझा अपमान केला असे मी त्या वेळी चार ठिकाणी सांगत फिरलो. चूक माझी होती हे कळायला काही वर्षे गेली.

मग मी मुलाला म्हटले, "या खेळाचे नियम कुठेतरी छापलेले असतील. ते काढ आणि मला वाचून दाखव. मराठीत सांग, म्हणजे तुलाही नीट समजेल." त्याने स्पर्धेची नियमावली शोधून काढली. आम्ही दोघांनी तासभर बसून ती लावली. रंगवलेल्या पत्त्यांबद्दल त्यात जे आहे, ते माझ्या शब्दांत असे:

१. पत्ता अस्सल हवा. कोऱ्या कागदावर स्वतः चित्र काढून तो पत्ता म्हणून चालवता येत नाही. रंग द्यायचा तो कंपनीच्या खऱ्या पत्त्यावरच.

२. पत्त्याचे नाव आणि तो टाकण्यासाठी लागणारी शक्तीची किंमत झाकायची नाही, बदलायची नाही. नाहीतर स्वस्तातला पत्ता रंगवून कोणीही महागाचा करील.

३. मूळ चित्र ओळखू आले पाहिजे. रोज खेळणारे लोक प्रत्येक पत्ता वाचत बसत नाहीत. टेबलापलीकडून चित्र पाहूनच ते पत्ता ओळखतात. चित्र पार बदलले तर समोरच्या खेळाडूचा तोटा होतो.

४. खेळताना उपयोगी पडेल असा सल्ला पत्त्यावर लिहून आणायचा नाही. परीक्षेला चिठ्ठी न्यायची नाही, तसेच हे.

५. कोणाचा अपमान करणारे, किळसवाणे चित्र चालणार नाही. हा नियम ऐकून मला बरे वाटले. चित्राने माणसाचा अपमान कसा करतात हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

६. पत्ता उलटा असताना, तोंड न पाहता, तो इतरांपासून वेगळा ओळखता येता कामा नये.

७. पत्ता चालेल की नाही याचा अखेरचा निर्णय त्या स्पर्धेच्या मुख्य पंचाचा. स्पर्धेत दुसरा पंच निर्णय देत असेल आणि तो पटला नाही, तर खेळाडूला मुख्य पंचाकडे दाद मागता येते.

वाचून झाल्यावर मी विचारले, "त्या ड्रॅगनवाल्या मुलाच्या पत्त्याचं नाव दिसत होतं?"

तो थोडा वेळ बोलला नाही. मग हळू आवाजात म्हणाला, "हो आबा. त्याने फक्त कडा रंगवल्या होत्या. ड्रॅगन छापलेलाच होता."

वाचकहो, ज्या गोष्टीला आपण अन्यायाचा पुरावा समजत होतो, तीच नियमाचा पुरावा निघाली. एकच नियम दोघांना लावला गेला होता. त्या मुलाचेही नाव झाकलेले असते आणि तरी त्याचा पत्ता चालला असता, तर तक्रार मी स्वतः लिहून दिली असती, आणि चांगली कडक लिहिली असती. पण इथे तसे नव्हते.

पंचाचे काहीच चुकले नाही असेही मी म्हणणार नाही. मुलगा चौदा वर्षांचा. "चालणार नाही" एवढेच न म्हणता "नाव झाकलं आहेस म्हणून चालणार नाही" असे तो बोलला असता, तर एका घरातली रात्र बिघडली नसती. नाकारणाऱ्याने कारण सांगावे, ही साधी माणुसकी आहे. आणि ज्यांना पिढ्यानपिढ्या कारण न सांगता नाकारले गेले, त्यांच्या मनात पहिली शंका कोणती येणार? ती शंका येण्यात आपला दोष नाही. पण शंका आली की तिथेच बसून राहायचे की उठून नियम वाचायचा, हे मात्र आपल्या हातात असते.

मुलगा तळ्याचे चित्र काढतो, तर त्याला तळ्याचा इतिहासही पुरता माहीत हवा, म्हणून मी त्याला तोही सांगितला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला होता. म्हणजे नियम लिहिलेला होता. पण तळ्यावर जाऊन ओंजळ भरण्याची सोय कोणी ठेवली नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, खटले झाले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. पाणी पिण्यासारख्या गोष्टीला ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे लागली, म्हणजे मुलाच्या आजच्या वयाएवढी.

पत्त्यांच्या खेळाची आणि महाडची बरोबरी करण्याइतका मी वेडा नाही. एवढेच सांगायचे होते की बाबासाहेब रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्या हातात लिहिलेला ठराव होता, आणि पुढे कोर्टात उभे राहिले तेव्हाही कागद आणि पुरावे होते. नुसत्या रागावर त्यांनी लढाई उभी केली नाही. आपल्या मुलांनी ही सवय त्यांच्याकडून घ्यावी. राग आला तर जरूर यावा, पण त्याच्या हातात नियमाचे पुस्तक असावे.

आता सहाव्या नियमाकडे, म्हणजे पत्त्याच्या पाठीकडे वळतो, कारण मला त्यानेच जास्त विचार करायला लावला.

आमच्या चाळीत एक गृहस्थ रमीला बसले की हमखास जिंकत. लोक म्हणत, नशीबवान आहे. एकदा कोणीतरी उजेडात पत्ते तपासले, तर चारही एक्क्यांच्या कोपऱ्याला नख मारलेले! पत्ता उलटा असला तरी ह्यांना बोटाने कळत असे की एक्का कुठे आहे. त्या दिवसापासून त्यांना कोणी खेळायला घेतले नाही.

माझ्या नातवाने नख मारले नव्हते. पण त्याच्या जाड रंगाने तेच काम केले होते. पत्ता इतरांपेक्षा जाड आणि वाकडा झाल्यामुळे कॅट पिसताना आणि कापताना बोट तिथेच अडकणार. मनात कपट नसले तरी खूण ती खूणच. म्हणून नियम असा की खुणेचा पत्ता दिसला तर तो बदलायला सांगायचा. स्पर्धेतले बहुतेक खेळाडू सगळे पत्ते एकसारख्या प्लास्टिकच्या पाकिटात घालतात, ते याचसाठी. पाकीट फाटले, कोपरा दुमडला, तरी ते बदलावे लागते.

यातली योजना पाहा. पत्त्याचे तोंड वेगवेगळे असू शकते. तिथे हौस करा, रंग भरा, आपले गाव, आपले तळे काढा. पण पाठ मात्र सगळ्यांची सारखी. उलटायच्या आधीच पत्ता कोणता हे कळले, तर खेळाला अर्थ उरत नाही.

आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या खुणेच्या पत्त्यांचाच डाव सोसला. माणसाने तोंड उघडण्याआधी, काम करून दाखवण्याआधी, आडनावावरून आणि गावाच्या कुठल्या अंगाला घर आहे त्यावरून त्याची किंमत ठरून गेली. भाचीचे ताट वेगळे ठेवणाऱ्यांनी तिचे गुणपत्रक पाहिले नव्हते, फक्त पाठीवरची खूण पाहिली होती. ती खूण आपण केलेली नव्हती, नख मारणारे दुसरेच होते. म्हणून जिथे कुठे "पाठ सर्वांची सारखी" असा नियम लिहिलेला दिसेल, मग तो पोरांच्या खेळात का असेना, तिथे आपण तो मोडणाऱ्यांत नसावे. उलट त्या नियमाचे राखणदार आपणच व्हावे.

हे सगळे मी फोनवर असेच्या असे बोललो नाही. चौदा वर्षांच्या मुलाला इतके भाषण कोण देणार? त्याला मी एवढेच म्हटले, "चित्र सोडू नकोस. चूक सोड."

पुढचा आठवडाभर आम्ही रोज फोनवर काम केले. ज्यांच्या घरी असा हौशी चित्रकार आहे, त्यांच्यासाठी ती रीत इथे लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट, सराव साध्या, स्वस्तातल्या, जादा असलेल्या पत्त्यावर करावा. आयलंडसारखे जमिनीचे पत्ते ढिगाने मिळतात, त्यामुळे बिघडला तरी हळहळ नाही. रंग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक घ्यावा. आमचा बोर्डाचा ऑइल पेंट इथे कामाचा नाही, तो जाड बसतो आणि चिकट राहतो. एकदाच जाड थर देण्यापेक्षा पातळ थर द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मगच दुसरा द्यावा. पाणी बेताने वापरावे, कारण पुठ्ठा भिजला की वाकतो. नावाची पट्टी आणि वरच्या कोपऱ्यातली किंमत कागदी चिकटपट्टीने झाकून घेणारे असतात, पण ती पट्टी काढताना छपाई निघू शकते. त्यापेक्षा हात स्थिर ठेवून कड सोडलेली बरी. पाठीला रंगाचा ठिपकाही लागू देऊ नये. पत्ता हाताळण्याआधी बोटे पुसावीत.

पूर्ण वाळल्यावर पत्ता पाकिटात घालावा आणि तशाच पाकिटातल्या इतर पत्त्यांत मिसळावा. मग डोळे मिटून कॅट पिसावा, कापावा. बोट वारंवार त्याच पत्त्यावर थांबत असेल, तर तो स्पर्धेत नेऊ नये. कॅट टेबलावर ठेवून कडेने डोळ्याच्या पातळीवरून पाहावा. एखादी फट दिसली तर तिथे आपलाच पत्ता आहे असे समजावे. ही परीक्षा घरच्या दुसऱ्या माणसाकडून करून घेतली तर उत्तम, कारण आपल्या चित्राच्या बाबतीत आपण स्वतःला सूट देतो.

मुलाने नवा पत्ता रंगवला. या वेळी नाव मोकळे ठेवले. मूळ चित्रातले पाणी आणि क्षितिज तसेच राहू दिले. खालच्या बाजूला फक्त तळ्याच्या चार पायऱ्या आणि पाण्यात बुडालेली एक ओंजळ काढली. आधीच्या चित्रात गर्दी होती, यात एकच ओंजळ. मला विचाराल तर हे चित्र पहिल्यापेक्षा सरस झाले. जागा कमी मिळाली की माणूस नेमके तेवढेच ठेवतो.

शुक्रवारी तो दुकानात अर्धा तास लवकर गेला. खिशात साधा, न रंगवलेला आयलंड ठेवला होता, कारण चालले नाही तर लगेच बदलता यावे. पंचासमोर जाऊन त्याने स्वतःच सांगितले, "हा रंगवलेला आहे. चालेल का, ते खेळ सुरू होण्याआधी पाहा. चालणार नसेल तर कारण सांगा." पंचाने पत्ता पाकिटातून काढला, उलटसुलट केला, कडेने पाहिला, पुन्हा पाकिटात घालून इतरांत मिसळला आणि म्हणाला, "चालेल." मग त्याने विचारले, "हा हात कोणाचा?"

मुलगा म्हणाला, "माझ्या लोकांचा." आणि त्याने त्याला महाडची गोष्ट सांगितली. कशी सांगितली कोण जाणे, पण दोन-तीन मुले जवळ येऊन ऐकत उभी राहिली, असे तो म्हणतो.

त्या रात्री तो तीनपैकी दोन सामने हरला. "ओंजळीचा पत्ता हाती आलाच नाही, आबा," म्हणाला. मी म्हटले, "नाव मोकळं, पाठ साफ, म्हणजे तो साठांतला एक झाला. येईल तेव्हा येईल." आणि पोरगा हसला. भाची म्हणाली की त्या रात्री तो पोटभर जेवला.

आता पालकांसाठी दोन शब्द. हा खेळ जुगार आहे का? १९९३ साली तो आला तेव्हा पत्ता पणाला लावून खेळण्याचा नियम त्यात होता. पुढे तो सोडून दिला गेला, आणि आज अधिकृत स्पर्धेत पैज लावायला मनाई आहे. खेळात हिशेब आहे, वाचन आहे, डोके लागते. पण नवे पत्ते बंद पाकिटात विकले जातात आणि आत काय निघेल ते माहीत नसते. पाकिटामागून पाकीट फाडण्याची चटक लॉटरीच्या तिकिटासारखी लागू शकते. इकडेही मुले कार्टूनचे, कुस्तीगिरांचे पत्ते जमवतात. मूल काय खेळते ते त्याच्या शेजारी बसून पाहा. महिन्याचा आकडा आधी ठरवा आणि तो त्याच्याकडूनच वहीत लिहून घ्या. हवा तो पत्ता सुटा मिळत असेल तर पाकिटांच्या मागे लागू नका. आणि हेही ध्यानात ठेवा की प्रत्येक खेळाची नियमावली वेगळी असते. एका खेळात चालणारा रंगवलेला पत्ता दुसऱ्या खेळात चालेलच असे नाही. त्याच खेळातही एका मुख्य पंचाला चाललेला पत्ता दुसरा नाकारू शकतो. म्हणून साधा पत्ता खिशात हवाच.

ज्यांच्या घरी असले पत्ते कधी येणार नाहीत, त्यांनीही एक गोष्ट घ्यावी. आपल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म परत येतात, दाखल्याचे अर्ज खिडकीवरून परत येतात. "चालणार नाही" एवढे ऐकून आपण घरी येतो, दोन दिवस जेवण गोड लागत नाही, आणि फॉर्म पेटीत पडून राहतो. तसे करू नका. खिडकीशीच उभे राहून शांतपणे विचारा: कोणत्या नियमाने नाही? तो नियम दाखवा. कारण लिहून द्या. चूक आपली निघाली तर घरी येऊन दुरुस्त करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खिडकीवर जा. चूक त्यांची निघाली तर वरच्या साहेबाकडे दाद मागा, आणि तेव्हा मात्र मागे हटू नका.

माझ्या नातवाचा पहिला पत्ता, तो गर्दीचा, त्याने मला टपालाने पाठवला आहे. स्पर्धेत तो कधीच चालणार नाही. मी तो आमच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली, काचेच्या आत लावला आहे. तिथे त्याला नावाची पट्टी लागत नाही. येणारा-जाणारा पाहतो आणि म्हणतो, "हे चवदार तळं ना?"

जयभीम! नमो बुद्धाय!